स्पोर्ट्स कारमध्ये दरवेळी कंबर धरते? आधी बिघाड कुठे आहे ते शोधा

कुडाळला महामार्गालगत माझं कुशनचं काम आहे. रिक्षा, ट्रॅव्हल्स, घरचे सोफे असं सगळंच येतं. पण हल्ली मुंबई-पुण्याहून गोव्याला निघालेल्या दोन दारांच्या, जमिनीला चिकटलेल्या गाड्याही दारात थांबतात. चालक उतरतो तो दरवाजाला धरूनच. आधी एक पाय बाहेर, मग हात गुडघ्यावर, मग हळूहळू सरळ. आणि तक्रार बहुतेकांची एकच असते: "शहरात काही होत नाही. लांब निघालो की दरवेळी चिपळूणच्या पुढे कंबर धरते. सीटच बदलून टाकू का?"

सीट बदलण्यात एवढ्यात पैसे घालू नका. मऊ की कडक, लेदर की कापड, जेल की मेमरी फोम हे प्रश्न नंतरचे. पाठीचा त्रास बऱ्याचदा सुरू होतो तो तुमची ओटीपोटाची हाडं सीटवर मागे कलंडतात म्हणून, आणि ती का कलंडतात हे सापडल्याशिवाय वरून कितीही उशा घातल्या तरी पुढच्या खेपेला कंबर पुन्हा धरणारच.

कुठे दुखतं आणि किती वेळाने

नुसतं "कंबर दुखते" म्हटल्यावर मला काही कळत नाही. बोट ठेवून दाखवा म्हणतो, आणि किती वेळाने सुरू होतं ते विचारतो. या दोन उत्तरांवर अर्धं निदान होतं.

निघाल्यापासून अर्ध्या तासात दुखायला लागत असेल तर बसण्याची ठेवण चुकली आहे. सीट फार मागे असेल, फार खाली असेल, पाठ फार कललेली असेल. फोम गेलेला असेल तर पहिला तास-दीड तास बरा जातो आणि मग बसण्याची दोन हाडं टोचायला लागतात. वजनाखाली आणि अंगाच्या उबेने जुना फोम बसत बसत जातो आणि शेवटी खालच्या पत्र्याची जाणीव होते. तिसरा प्रकार रस्त्याचा. गुळगुळीत डांबरावर काही नाही, पण सिमेंटचा पट्टा किंवा डायव्हर्जन लागलं की कंबर बोलते, असं असेल तर सीटला हात लावण्याआधी टायर आणि शॉकअप बघून घ्या.

आता जागा. पँटच्या पट्ट्याच्या रेषेत, मधोमध दुखत असेल तर कमरेची आतली कमान सपाट झाली आहे. माकडहाडावर दुखत असेल तर तुम्ही नकळत पुढे घसरून बसताय. मांडीखाली बधिरपणा, पावलाला मुंग्या, म्हणजे सीटची पुढची कड मांडीत रुतते आहे. मान आणि खांदे भरून येत असतील तर स्टीयरिंग लांब आहे. एकाच कुल्ल्यात कळ येत असेल तर पहिला प्रश्न पाकिटाचा. मागच्या खिशात जाड पाकीट ठेवून चार-पाच तास बसलं की तो कुल्ला वर उचलला जातो, आणि तिथूनच पायाची मोठी नस जाते. मोबाइल, चाव्या, पाकीट सगळं काढून ठेवा. एवढ्यावर बरं झालेले लोक मी पाहिलेत.

कमी उंचीच्या गाडीतच हे का होतं

साध्या गाडीत आपण खुर्चीवर बसल्यासारखे बसतो, पाय खाली सुटतात. स्पोर्ट्स कारमध्ये सीट जमिनीलगत असते, म्हणून पाय पुढे पसरावे लागतात. मांडीच्या मागचे स्नायू बसण्याच्या हाडांना जोडलेले असतात. पाय पसरले की ते ताणले जातात आणि ओटीपोटाची हाडं मागे ओढतात. हाडं मागे कलंडली की कमरेची कमान जाते आणि मणक्यांमधल्या चकत्यांवर पुढच्या बाजूने दाब येतो. ज्यांच्या मांड्यांचे स्नायू मुळात आखडलेले, म्हणजे दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणारे, त्यांना हा त्रास लवकर होतो. वीकेंडला स्पोर्ट्स कार घेऊन कोकणात उतरणारे बरेचसे याच वर्गातले.

यात नुसता माझा अनुभव नाही. आल्फ नाकेमसन या स्वीडिश डॉक्टरांनी १९६०च्या दशकात माणसाच्या चकतीत सुई घालून आतला दाब मोजला होता. आधाराशिवाय बसल्यावर तो उभं राहण्यापेक्षा जास्त भरला. पुढे स्वीडनमध्येच १९७०च्या दशकात झालेल्या मोजमापांत दिसलं की पाठ थोडी मागे कलती केली आणि कमरेला आधार दिला की दाब उतरतो. म्हणून या दोन गोष्टींना मी सगळ्यात जास्त महत्त्व देतो.

ठेवण लावायचा क्रम

क्रम मोडू नका. बहुतेक जण आधी पाठ कलती करतात आणि मग हात पुरेनात म्हणून सीट पुढे घेतात. मग सगळंच बिघडतं.

दोन्ही हात सीटवर टेकून अंग उचला आणि कुल्ले मागच्या कोपऱ्यात पार आत ढकला. इथे फट राहिली तर पुढचं काहीही उपयोगाचं नाही. मग सीट इतकी पुढे घ्या की क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहील. ऑटोमॅटिक असेल तर ब्रेक जोरात दाबून बघा. डाव्या पायासाठी फूटरेस्ट असेल तर तिथे तळवा पूर्ण टेकला पाहिजे, कारण घसरायला लागल्यावर त्याच पायाने रेटून कुल्ले पुन्हा मागे नेता येतात.

त्यानंतर उंची. इथे मला सगळ्यात जास्त विरोध होतो. लोकांना खाली बसायला आवडतं, खाली बसलं की स्पोर्ट्स कार चालवल्यासारखी वाटते. पण सीट जितकी वर येईल तितके पाय कमी पसरतात आणि कंबर तितकी सुटते. डोकं आणि छत यांच्यात मूठभर जागा राहील इथपर्यंत सीट वर घ्या. मग बैठकीचा उतार. मांडीला खालून हलका आधार मिळावा आणि गुडघ्याच्या मागे दोन-तीन बोटं सहज जावीत.

सीटची पाठ बैठकीशी साधारण १०० ते ११० अंशांवर. त्याहून मागे नेली तर कंबर सुखावते, पण रस्ता बघायला मान पुढे काढावी लागते आणि तो त्रास खांद्यांत उतरतो. खांदे पाठीला टेकलेले ठेवून हात लांब केला की मनगट स्टीयरिंगच्या वरच्या कडेवर पडलं पाहिजे. पडत नसेल तर स्टीयरिंग जवळ ओढा, पाठ उचलू नका.

कमरेचा आधार सगळ्यात शेवटी. बटणाने फुगणारा असेल तर पूर्ण उतरवा आणि थोडा थोडा भरा. जागा पट्ट्याच्या रेषेत, बरगड्यांखाली नाही. जास्त भरला की तो अख्खं अंग पुढे ढकलतो, खांदे सुटतात, आणि "लंबर सपोर्ट असूनही दुखतं" अशी तक्रार घेऊन माणूस माझ्याकडे येतो.

एवढं झालं की आतला आरसा लावा, आणि दिवसभर त्याला हात लावू नका. दोन तासांनी आरसा खाली गेल्यासारखा वाटला तर आरसा तिथेच आहे, तुम्ही घसरला आहात. कुल्ले मागे घ्या, आरसा पुन्हा बरोबर दिसेल.

जुन्या किंवा हलक्या गाड्यांत कमरेच्या आधाराची सोयच नसते. त्यांना मी पंचा सांगतो. जाड टॉवेल नको, आपला साधा पातळ पंचा. लांबीत दुहेरी करा, आडवा गुंडाळा आणि पट्ट्याच्या रेषेत ठेवा. सुरुवातीला गुंडाळी बारीक हवी, मनगटापेक्षा जाड नाही. तासाभराने एक वेढा सोडा किंवा वाढवा, म्हणजे दाबाची जागा बदलते आणि स्नायू आखडत नाहीत. पंचा घामाने भिजला तर लगेच वाळतो, आणि कोकणात ही गोष्ट लहान नाही. गुंडाळी खाली सरकत असेल तर दोन्ही टोकांना नाडी बांधून ती हेडरेस्टच्या दांड्यांना अडकवा. साइड एअरबॅगच्या बाजूने मात्र नाडी फिरवू नका.

एकसंध बकेट सीट असेल तर पाठ कलती होत नाही, तिथे बैठकीचा कोन बदलायला पुढच्या बोल्टांखाली स्पेसर घालावे लागतात. हे काम जाणकार मेकॅनिककडूनच करून घ्या, आणि बोल्ट योग्य ताकदीचेच वापरायला सांगा. धडक झाली तर तुमचं वजन त्याच बोल्टांवर येतं.

फोम आणि खारं वारं

ठेवण बरोबर असूनही दीड तासाने टोचायला लागतं, मग सीटचं पोट तपासायचं.

सोपी परीक्षा आहे. शेजारची सीट चालकाच्या सीटइतकीच जुनी असते, पण वापर तिचा कमी. दोन्ही सारख्याच लावा, दोन्हींवर दहा-दहा मिनिटं बसा. चालकाच्या सीटवर तुम्ही खोल जात असाल, किंवा एका अंगाला कलत असाल, तर दोष तिथे आहे. मग बसण्याच्या जागी मूठ टेकून वजन द्या. तळ लगेच लागला तर फोम संपला. खालून हात घालता येत असेल तर कोणाला तरी बसवून खालच्या स्प्रिंगा किंवा पट्टे चाचपा. एखादा सैल लटकत असेल तर हाताला लगेच कळतो.

मागे एका लाल रोडस्टरची सीट उघडली होती. वेंगुर्ल्याच्या बाजूला घर असलेला माणूस, तक्रार फक्त उजव्या कमरेची. डॉक्टर झाले, मालिश झाली. त्याचे वडील बरोबर होते. ते म्हणाले, "माका तर ह्या गाडयेतसून उतराक जमना नाय, ह्यो कसो रोज चलवता?" त्यांच्या त्या बोलण्यावरूनच मी मुलाला उतरून दाखवायला सांगितलं. तो सीटच्या कडेला अंग धरायला असतो त्या उजव्या बाजूच्या उंचवट्यावर बसून, त्याच्यावरून घसरत बाहेर आला. कव्हर अडकवणाऱ्या तारेच्या कड्या, म्हणजे हॉग रिंगा, सोडल्या तर आत त्या उंचवट्याच्या फोमचा भुगा झालेला. बोटाने दाबला की पिवळी पूड पडायची. आणि त्याच बाजूच्या वळणदार स्प्रिंगचा आकडा गंजून फ्रेममधून सुटलेला. डावी बाजू शाबूत. त्यामुळे तो गाडीत बसला की त्याचा उजवा कुल्ला बोटभर खाली जाई आणि पाठीचा कणा सगळा प्रवासभर वाकडा राही. स्प्रिंगचा आकडा नवा बसवला, उंचवटा नव्या फोममध्ये कापून घातला. बाकी सीट जशी होती तशी ठेवली. आपल्याकडे चालकाचं दार उजवीकडे, म्हणून हा दोष जवळजवळ नेहमी उजव्या अंगालाच सापडतो. उतरताना आधी दोन्ही पाय बाहेर काढा, मग हात दाराच्या चौकटीला लावून उठा. उंचवट्यावर बसू नका.

किनाऱ्यावर फोम लवकर का जातो, तर उष्णता आणि दमट हवा. गाडीच्या सीटचा फोम पॉलियुरेथेनचा असतो, आणि ऊब व ओल एकत्र आली की दाबलेला फोम पूर्ववत फुगायची ताकद गमावत जातो. तारकर्लीला समुद्रात डुंबून ओल्या कपड्यांनी सीटवर बसणं, आणि मग काचा बंद करून गाडी उन्हात लावणं, याच्याइतकं वाईट सीटला दुसरं काही नाही. समुद्राचं पाणी वाळलं तरी मीठ आत राहतं, मीठ हवेतली ओल ओढत राहतं, आणि ती ओल स्प्रिंगा व सीट ज्यावर सरकते त्या रेलपर्यंत पोचते. सीट पुढे-मागे करताना करकरते किंवा ब्रेक लावला की टकटक हलते, तेव्हा रेलचा गंज आणि बोल्ट तपासून घ्या. सीट केसभर हलली तरी अंग तिला सावरायला सतत ताणलेलं राहतं.

फोम बदलायचा तर एचआर (हाय रेझिलियन्स, म्हणजे दाबल्यावर चटकन वर येणारा) फोम घ्या, घनता ४० किंवा त्याहून जास्त. दुकानात हाताने दाबून मऊ लागतो तो घेऊ नका, हाताचं वजन आणि अंगाचं वजन वेगळं. मेमरी फोमबद्दल मला बरेच जण विचारतात. तो उष्णतेने आणखी मऊ पडतो. थंड हवेत ठीक, पण मे महिन्यात मालवणच्या उन्हात तापलेल्या गाडीत जाड थर घातला तर बसल्या बसल्या तळ लागतो. घालायचाच तर वरती सेंटिमीटरभर, खाली कडक फोम.

जुन्या गाडीला मी काथ्या सुचवतो. रबर लावलेल्या काथ्याची शीट फोमच्या खाली घातली की तळ लागत नाही आणि हवा खेळती राहते, घाम कमी येतो. यात नवीन काही नाही, जुन्या बीटल गाडीच्या सीटमध्येही नारळाचा काथ्या असे. पण सीटमध्ये हीटर, पंखा किंवा वजनाचा सेन्सर असेल तर हा प्रयोग करू नका.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. सीटच्या बाजूला एअरबॅगचं लेबल असेल तर रस्त्याकडेच्या कुठल्याही कुशनवाल्याला ती उघडायला देऊ नका, कामाची माहिती नसेल तर मलाही देऊ नका. सीटखालचे पिवळे प्लग सहसा एअरबॅगचे असतात. बॅटरी काढून, गाडीच्या कंपनीने सांगितलेली वेळ थांबून मगच त्यांना हात लावायचा. सरसकट मिळणारी कव्हरंही अशा सीटवर नकोत, एअरबॅग उघडायची जागा त्यांनी झाकली जाते.

बाजारातल्या जाड गाद्यांचं काय, तर त्या तुम्हाला दोन इंच वर उचलतात. मग बाजूचे उंचवटे अंगाला लागत नाहीत आणि डोकं छताला लागतं. बेल्टचा खालचा पट्टा ओटीपोटाच्या हाडांवर बसायचा तो पोटावर येतो. जोराचा ब्रेक लागला तर गादीसकट पुढे जाल. मण्यांच्या चटईचंही तेच, ती या सीटवर सरकते.

सिमेंटच्या रस्त्याची ठकठक

माणसाचा बसलेला कणा सेकंदाला ४ ते ८ वेळा येणाऱ्या उभ्या हादऱ्यांना सगळ्यात जास्त संवेदनशील असतो. आता महामार्गाचा सिमेंटचा पट्टा बघा. त्यातले आडवे सांधे साधारण साडेचार मीटरवर असतात. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, म्हणजे सेकंदाला जवळजवळ ५ सांधे. थेट पाठीच्या वर्मावर. १०० ला गेलात तर ६ होतात, तेही त्याच पट्ट्यात. साध्या गाडीचं सस्पेन्शन यातलं बरंच गिळतं, स्पोर्ट्स कारचं कडक असतं आणि टायरची भिंतही बुटकी, म्हणून ते सीटपर्यंत येतं. सांधे जिथे नीट भरलेले आहेत तिथे जाणवत नाही, जिथे उचकटलेत तिथे थोडा वेग कमी करून बघा, पाठीला फरक कळतो.

टायरची हवा सकाळी, गाडी थंड असताना, दाराच्या चौकटीवरच्या आकड्याप्रमाणेच भरा. पंपावर सरसकट जास्त भरतात, आणि चार-पाच पौंड जादा हवा म्हणजे प्रत्येक सांधा थेट कंबरेत. आकड्यापेक्षा कमीही करू नका, खड्ड्यात रिम जाईल. सस्पेन्शन मऊ-कडक करणारं डॅम्पिंगचं बटण असेल तर महामार्गावर कम्फर्टवर ठेवा. स्पोर्ट मोड आंबोली किंवा गगनबावड्याच्या घाटासाठी राखून ठेवा. घाटात बाजूचे उंचवटे अंगाला नीट धरत नसतील तर माणूस गुडघा दाराला रेटतो आणि स्टीयरिंगला लटकतो. परशुराम घाट उतरल्यावर खांदे भरून येतात ते त्यामुळे.

थांबे

कितीही चांगली सीट असली तरी सव्वा-दीड तासाच्या वर सलग बसू नका. मुंबईहून कुडाळ साडेचारशे किलोमीटरच्या वर आहे, माणगावला एक आणि हातखंब्याला एक असे दोन थांबे पुरत नाहीत. उतरल्यावर चहाच्या टपरीवर लगेच बाकड्यावर बसू नका, पाच मिनिटं चाला. हात कमरेवर ठेवून मागे वाका, मग टाच गाडीच्या उंबऱ्यावर टेकवून मांडीची मागची बाजू ताणा.

वेळ असेल तर किनाऱ्याचा रस्ता घ्या असं मी सांगतो. दिघी, वेसवी, दाभोळ, जयगड इथे खाड्या फेरीबोटीने ओलांडाव्या लागतात. बोटीची वाट बघताना आणि बोटीवर उतरून उभं राहताना पाठीला मिळणारी विश्रांती महामार्गावर कोणी स्वतःहून घेत नाही. फक्त कमी उंचीच्या गाडीने भरती-ओहोटी बघून निघा, पाणी उतरलेलं असलं की रॅम्पचा चढ तीव्र होतो आणि गाडीचं नाक घासतं.

कळ गुडघ्याच्या खाली उतरत असेल, पाऊल उचलताना अशक्त वाटत असेल तर सीट सोडा, हाडांच्या डॉक्टरकडे जा. जांघेत बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा सुटला तर त्याच दिवशी, त्याच वाटेवरच्या मोठ्या दवाखान्यात जा.

फोम नवा घातला असेल तर पहिले काही आठवडे तो थोडा बसतो, म्हणून तेवढ्यात एकदा उंची आणि आरसा पुन्हा लावून घ्या. महिन्याभरानंतरही उजवं-डावं सारखं लागत नसेल, तर ज्याने काम केलं त्याच्याकडे गाडी परत न्या आणि कव्हर उघडून दाखवायला सांगा.